फहद अजून तयार नाही

बेसबॉलचा एकही सामना मी आयुष्यात धड पाहिलेला नाही. बॅट गोल असते आणि पळताना ती टाकून द्यायची असते, एवढंच माझं ज्ञान. पण त्या खेळातला सर्वांत चांगला जनरल मॅनेजर कोण, यावरचा वाद मी नऊ वर्षं, सुट्टीचे दिवस सोडून, रोज दुपारी ऐकला आहे. वाद घालणारे दोघे अमेरिकन, ऐकणारा मी एकटा, आणि ठिकाण सौदीतल्या हुफूफच्या बाहेर जिथे खजुरीच्या बागा संपून वाळू लागते तिथलं आमच्या कंपनीचं पोर्टाकॅबिन. मी डब्यातला भात-सुरमई खात असायचो, ते दोघे सँडविच खात असायचे, आणि तोंडात घास असतानाच त्यांची जुंपायची.

वॉल्टर आमचा प्रोजेक्ट मॅनेजर. मोठ्या शहरातला, आवाजही मोठा. डेनिस मेकॅनिकल इंजिनीअर, कुठल्याशा तळ्याकाठच्या लहान गावातला, बोलायला हळू पण हटायला तयार नाही. सुरुवातीला मला वाटलं, जनरल मॅनेजर म्हणजे आपल्याकडच्यासारखा, एसी केबिनमध्ये बसून सह्या करणारा. डेनिसने मला एकदा टेबलावरची मिठाची बाटली, चमचे, माझा डबा असं सगळं मांडून समजावलं. हा माणूस मैदानात उतरत नाही. खेळ कसा खेळायचा तेही सांगत नाही, त्याला कोच वेगळा. हा फक्त ठरवतो की संघात कोण राहील, कोणाला दुसऱ्या संघाला देऊन बदल्यात कोणाला आणायचं, आणि कोणाला घरी पाठवायचं.

"म्हणजे माझंच काम," मी म्हणालो. दोघेही हसले. मी विनोद केला नव्हता.

मी त्या कंपनीत मॅनपॉवर क्लार्क होतो. पुढे पाटी बदलून 'पर्सोनेल कोऑर्डिनेटर' झाली, काम तेच राहिलं. तेलाच्या आणि पाण्याच्या मोठमोठ्या टाक्या, पाइपलाइनी, पंप यांची देखभाल करणारी आमची कंपनी. साडेचारशे माणसं. कोणाचा व्हिसा आला, कोण रजेवर गेला, कोण रजेवरून परत येत नाही, कोणाला कोणत्या साइटवर टाकायचं, हे सगळं माझ्या टेबलावरून जायचं. बाहेरच्याला हे काम कारकुनी वाटतं. असेलही. पण माणूस सौदीत उतरला की त्याचा पासपोर्ट कंपनीच्या कपाटात आणि त्या कपाटाची किल्ली माझ्या खिशात, त्यामुळे कॅम्पात मला सलाम फार मिळायचे.

या धंद्यातली खरी मेख म्हणजे इकामा. इकामा म्हणजे तिथे राहण्याचा परवाना. त्यावर तुमचं नाव, तुमच्या कफीलचं म्हणजे मालकाचं नाव, आणि तुमचा व्यवसाय लिहिलेला असतो. आता कंपनीला सरकारकडून व्हिसे मिळायचे ते व्यवसायाच्या हिशेबाने. इतके वेल्डर, इतके सुतार, इतके न्हावी. वेल्डरचे व्हिसे संपले आणि न्हाव्याचे शिल्लक असले, की वेल्डरला न्हावी म्हणून आणायचं. सगळ्याच कंपन्या हे करायच्या. आमच्याकडे क्रेन चालवणारा एकजण कागदावर मेंढपाळ होता आणि आमचा स्वयंपाकी प्लंबर होता. त्याच्या हातचं खाऊन ते खरं असावं अशी शंका अनेकांना यायची.

साताऱ्याकडचा साळुंखे एसी मेकॅनिक होता, इकाम्यावर न्हावी. एकदा साइटवर तपासणी आली. अधिकारी वयस्कर, मिस्कील होता. त्याने इकामा वाचला, साळुंख्याच्या हातातला पाना पाहिला, आणि स्वतःच्या डोक्यावरचा रुमाल काढून खुर्चीवर बसला. म्हणाला, काप केस.

साळुंखे माझ्याकडे बघून कुजबुजला, "साहेब, मला कात्री धराया येत न्हाय ओ."

"मग आज शीक," मी म्हणालो.

तो शिकला. अधिकाऱ्याच्या मानेवर दोन पायऱ्या पडल्या, पण माणूस दिलदार. आरशात पाहून पोट धरधरून हसला आणि फक्त ताकीद देऊन गेला. त्यानंतर साळुंखे दर शुक्रवारी कॅम्पात खरोखरच केस कापायला लागला. म्हणायचा, कागद खोटा का ठेवावा.

ही मौज सांगून झाली. आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो.

दाऊदभाई आमच्या खाडीच्या पलीकडच्या गावचे. माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठे. कंपनीत वेल्डर. वेल्डर पुष्कळ असतात, पण पाइपच्या मागच्या बाजूला, जिथे नजर पोचत नाही तिथे, हातात आरसा धरून उलटं बघत टाका मारणारा माणूस शंभरात एखादा. जोड आतून पक्का आहे का बघायला त्यांच्या वेल्डचा एक्स-रे काढायला लागले की डेनिस म्हणायचा, फिल्म वाया घालवू नका. त्यांनीच मला या कंपनीत लावलं. मी आलो तेव्हा पहिले दोन महिने त्यांच्याच खोलीत, त्यांनी रांधलेलं खात राहिलो. 

त्यांची एकच इच्छा होती, बायकोला आणि मुलीला आणायची. पण कुटुंबाचा व्हिसा सगळ्यांना मिळत नसे. वेल्डर, सुतार, मजूर यांना नाही. डॉक्टर, इंजिनीअर, ऑफिसातली माणसं यांना मिळे. शबाना चौथीत होती. दाऊदभाई दोन वर्षांतून एकदा घरी जायचे तेव्हा ती पहिले चार दिवस त्यांना 'अंकल' म्हणायची.

"कादर, कायतरी कर रे," ते मला म्हणाले. "पोर माजा थोबाड इसरते."

मी केलं. त्या काळी ते जमण्यासारखं होतं. कंपनीचं पत्र तयार केलं, वॉल्टरची सही घेतली, मजूर कचेरीत चार खेपा घातल्या, आणि दाऊदभाईंच्या इकाम्यावरचा वेल्डर जाऊन तिथे क्लार्क आला. सहा महिन्यांत भाबी आणि शबाना दम्मामच्या विमानतळावर उतरल्या. हुफूफमध्ये दोन खोल्यांचं घर घेतलं, शबाना इंडियन स्कूलला जायला लागली. सकाळी साडेपाचला हा क्लार्क शिल्ड आणि हातमोजे घेऊन टाकीवर चढायचा. आम्ही गावकरी जमलो की मी ही गोष्ट सांगायचो आणि लोक माझी पाठ थोपटायचे. मला त्या कामाचा फार अभिमान होता. खरं सांगतो, अजूनही थोडा आहे.

मग सौदीकरण आलं. तसं ते शब्दाने पूर्वीपासून होतंच. दर दोन-तीन वर्षांनी कोणीतरी म्हणायचं की आता आपल्या लोकांना काढणार, आणि काही होत नसे. लांडगा आला रे आला, असंच आम्ही धरून चाललो होतो. या खेपेला मात्र लांडगा आला. प्रत्येक कंपनीत स्थानिक माणसं किती त्यावरून कंपनीला रंग मिळू लागला. रंग चांगला तर सगळी दारं उघडी, रंग वाईट तर एकेक बंद. आमचा रंग वाईट निघाला. आणि पहिला घाला पडला तो ऑफिसच्या व्यवसायांवर, कारण तीच कामं स्थानिक तरुणांना हवी होती. त्यात त्यांचं काही चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही. माझ्या गावात परगावचा माणूस टेबलावर बसला आणि माझा मुलगा घरी, तर मीही बोललोच असतो.

याच लाटेत फहद आला. वय पस्तिशीच्या आसपास, दोन मुलांचा बाप, जवळच्याच खेड्यातला. वडिलांची खजुरीची बाग होती. त्याला माझ्या टेबलाशेजारी बसवलं आणि सांगितलं की कादर तुला काम शिकवेल. कॅम्पात सगळे म्हणाले, आठवडाभर टिकेल. मीही तेच म्हणालो. फहद सकाळी माझ्याआधी येऊन बसायचा. फायली घरी न्यायची परवानगी नव्हती म्हणून वहीत उतरवून न्यायचा. कुठल्या कचेरीत कोणाला भेटायचं, कुठला फॉर्म अडतो, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं कळायला लागलं, भाषा त्याचीच होती. ज्या कामाला मला चार खेपा लागायच्या ते तो एका चहात करून यायचा. वर्ष संपता संपता माझ्या लक्षात आलं की आता मी त्याला काही शिकवत नाही, नुसताच शेजारी बसतो.

त्याच सुमारास वॉल्टरने मला केबिनमध्ये बोलावलं. रंग सुधारायचा तर ऑफिसच्या व्यवसायातले परदेशी दोनवर आणायचे होते. बाकीच्यांचे इकामे संपतील तसे संपू द्यायचे, मग फायनल एक्झिट, म्हणजे कायमची पाठवणी, खलास.

"कागदावर कोण कोण आहे?" त्याने विचारलं.

मी यादी वाचली. बरेचसे आधीच निघून गेले होते. उरलो होतो तिघे. केरळचा अकाउंटंट कुट्टी, ज्याच्यावाचून पगारच झाले नसते. मी. आणि दाऊदभाई.

"दाऊद? तो तर वेल्डर आहे!" वॉल्टर म्हणाला.

"कागदावर क्लार्क आहे, सर."

"मग परत वेल्डर कर."

मी ते आधीच करून पाहिलं होतं. फहदही कचेरीत जाऊन विचारून आला होता. आमच्या रंगाच्या कंपनीला व्यवसाय बदलायची सोय बंद होती. जो व्यवसाय मी एवढी धावपळ करून मिळवला होता, तोच आता त्यांच्या गळ्यात अडकला होता. आणि त्यांचा इकामा डिसेंबरात संपत होता. शबाना बारावीला होती, परीक्षा मार्चमध्ये. बापाचा इकामा गेला की बायको-मुलीचाही जातो. त्यांना फक्त तीन महिने हवे होते. माझाही इकामा डिसेंबरातच संपणार होता. कुट्टीला धरून जागा दोन. म्हणजे माझ्यात आणि दाऊदभाईंमध्ये एक.

वॉल्टरने मला उद्या दुपारपर्यंत विचार करायला सांगितलं. 

दाऊदभाई संध्याकाळी आले. त्यांच्या कानावर गेलं होतं, कॅम्पात भिंतींना कान नसतात, तोंडं असतात.

"माजा नाव हाय ना रे यादीत?"

"अजून काही ठरलं नाही."

"माजा काय नाय रे. मी उद्या जायन. पोरीची परीक्षा होय परयंत बघ फक्त."

"बघतो," मी म्हणालो.

माझी कारणं मी रात्रभर जुळवली. गावच्या घराचं काम अर्ध्यावर होतं. थोरल्याचं कॉलेज चालू होतं. दाऊदभाईंची चोवीस वर्षं झाली होती, माझी सतरा. माझ्याआधी तेच जायला हवेत, असा हिशेब मी मांडला आणि तो मला पटला. माणसाला रात्री पुष्कळ गोष्टी पटतात.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी वॉल्टर आणि डेनिसचा वाद नेहमीसारखा पेटला होता. वॉल्टरचा माणूस श्रीमंत संघाचा, सगळे नावाजलेले खेळाडू विकत घेऊन त्याने चषकांची रांग लावली होती. डेनिसचा माणूस गरीब संघाचा, इतरांनी टाकून दिलेल्या खेळाडूंतून त्याने संघ उभा केला. त्यांची नावं मला पाठ आहेत, पण वाचकांना सांगून उपयोग नाही.

"चषक मोज," वॉल्टर म्हणाला.

"चषक कोणीही मोजेल," डेनिस म्हणाला. "मी बघतो त्याने कोणाला जाऊ दिलं. मॅनेजर तिथे कळतो."

मग अचानक माझ्याकडे वळून म्हणाला, "नऊ वर्षं ऐकतोयस कादर, तू सांग. कोण?"

मी आमच्याकडच्या तांडेलाचं सांगितलं. होडीवर कोणाला घ्यायचं ते तांडेलच ठरवतो. पण तो स्वतः त्याच होडीत असतो, चुकीचा माणूस घेतला तर त्याच्याबरोबर तोही बुडतो. "तुमचा मॅनेजर ठरवताना स्वतःचं नाव यादीत धरतो का?"

"स्वतःचं कोण धरतं?" वॉल्टर हसला. डेनिस हसला नाही. मला वाटतं त्याला पुढचं दिसलं होतं.

हात पुसून वॉल्टर उठला आणि कामाचं विचारावं तसं उभ्या उभ्या म्हणाला, "बरं, एकच सांग. फहद तुझं काम सांभाळू शकेल का? तो तयार असेल तर मी दाऊदला ठेवतो. मला वेल्डर लागतो. तुझं वाईट वाटेल, पण ठेवतो."

फहद पलीकडच्या टेबलावर होता. इंग्रजी त्याला चांगलं कळायचं. त्याने पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. तो माझ्या तोंडून दोन शब्द ऐकायची वाट बघत होता, आणि ते त्याच्या हक्काचे होते.

"फहद अजून तयार नाही," मी म्हणालो. "आणखी सहा महिने तरी लागतील."

वॉल्टरने मान डोलावली. माझ्या शब्दावर त्याने इतक्या वर्षांत कधी शंका घेतली नव्हती, तेव्हाही घेतली नाही. डेनिस आपला डबा आवरून बाहेर गेला. फहद त्या दिवशी वेळेआधी घरी गेला, पहिल्यांदाच. दुसऱ्या दिवशी आला तो पुन्हा माझ्याआधी. फक्त त्यानंतर त्याने मला एकही गोष्ट विचारली नाही, आणि मला 'उस्ताद' म्हणायचा तेही बंद केलं.

धंद्याच्या भाषेत बोलायचं तर शंभरातला एक वेल्डर देऊन कंपनीने हजारोंनी मिळणारा एक क्लार्क राखला. जानेवारीत एका टाकीच्या मागच्या जोडाला टाका मारायचा होता. तीनदा मारला, तीनदा एक्स-रेत नापास झाला. डेनिस फिल्म माझ्या टेबलावर ठेवून गेला. त्यानंतर ते दोघे जेवताना माझ्यासमोर बेसबॉलवर भांडले नाहीत, हवामानावर बोलायचे. मी तिथे आणखी सहा वर्षं काढली. शेवटची दोन वर्षं तर फहद माझा साहेब होता. चांगला साहेब होता. माझी फायनल एक्झिट त्याने एका दिवसात करून दिली.

शबानाचं वर्ष गेलं. ऐन डिसेंबरात इकडचं कुठलंही कॉलेज तिला घेईना. पुढच्या वर्षी रत्नागिरीत नव्याने बारावीला बसली, मराठीचा पेपर मात्र तिच्याने निघेना. मार्क हवे तेवढे पडले नाहीत. डॉक्टर व्हायचं म्हणायची, ते राहिलं. आता लग्न होऊन मुंब्र्याला असते. 

दाऊदभाई गावातच आहेत. ईदला मी जातो, ते मला वरच्या खुर्चीवर बसवतात. मी काय बोललो होतो ते त्यांना आजवर माहीत नाही. हा अंक त्यांच्या गावच्या वाचनालयात येतो आणि ते तो पहिल्या पानापासून वाचतात, जाहिरातींसकट. म्हणून तर याच अंकासाठी लिहितोय. तोंडाने सांगायला मी तीनदा खाडी ओलांडली आणि तिन्ही वेळा जेवून परत आलो.

ते गेले तो दिवस अजून जसाच्या तसा समोर आहे. पासपोर्ट मीच कपाटातून काढून दिला. सही करताना दाऊदभाईंनी विचारलं, "तुजा काम ऱ्हायला ना रे?"

"राहिलं."

"बरा झाला. आपला एक तरी मानूस ऱ्हायला पायजे होता."

कंपनीची गाडी त्यांना दम्मामला नेणार होती. भाबी आधीच आत बसल्या होत्या, मांडीवर हँडबॅग घट्ट धरून. सामान बांधून झालं. शबाना शेवटी चढली आणि काच खाली करून माझ्याकडे वाकली. तिला मराठी बोलता यायचं, पण आमच्याशी ती हिंदी-इंग्रजीतच बोलायची.

"अंकल," ती म्हणाली, "अब्बा कहते हैं आपने हमारे लिए बहुत ट्राय किया. थँक यू सो मच."

मी तिला "वेलकम, बेटा" म्हणालो आणि गाडी सोडायला सांगितली.